घोडा लंगडण्याआधी

या पुस्तकातले पहिले चित्र चुकलेले आहे आणि ते मुद्दाम पहिले ठेवले आहे.

फेब्रुवारीतल्या एका ओल्या सकाळी, अल्फारेटाला लागून असलेल्या मिल्टनमधल्या एका तबेल्यात मी ते घेतले. घोडी पुढच्या डाव्या पायाने लंगडत होती. माझ्या हातात नवा उष्णता-कॅमेरा होता आणि अंगात त्याचा ताजा उत्साह. पडद्यावर डावा पाय निळाशार दिसला, उजवा नळीपासून खाली लालभडक. घोडी डावा पाय जपते आहे हे समोर दिसत असूनही मी मोठ्या खात्रीने सांगून टाकले की खरे दुखणे उजव्यात आहे. पशुवैद्य बाईंनी चित्र पाहिले, घोडीकडे पाहिले आणि विचारले, "उजव्या पायाची पट्टी कधी सोडली?" पाच मिनिटांपूर्वी. "आणि डाव्या पायावर हे काय आहे?" डाव्या पायावर जॉर्जियाची ओली लाल माती होती, खुरापासून वर वीतभर.

मग सगळे उलगडले. उजवा पाय रात्रभर पट्टीखाली कोंडून गरम झाला होता. डाव्या पायावरच्या मातीतले पाणी वाळता वाळता उष्णता घेऊन जात होते, माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने. कॅमेऱ्याने एक गुंडाळलेला पाय आणि एक भिजलेला पाय अगदी बरोबर टिपला होता. चूक माझ्या वाचनात होती. बाईंनी डावा खूर धुतला आणि लोखंडी चिमट्याने तळवा एकेका जागी दाबत गेल्या. एका जागी घोडीने पाय हिसकून घेतला. खुरात पू झाला होता. नंतर पाय कोरडा करून, घोडी सावलीत अर्धा तास नुसती उभी करून मी दुसरे चित्र घेतले, तेव्हा डाव्या खुराची वरची किनार उजवीपेक्षा स्पष्ट गरम दिसली. तेही चित्र पुस्तकात आहे, पण पहिले पाहिल्याशिवाय कोणी दुसऱ्यावर विश्वास ठेवू नये, म्हणून हा क्रम.

मी पशुवैद्य नाही. पुण्यात शिकलेला इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, नोकरीसाठी अल्फारेटात आलो. अटलांटाच्या उत्तरेला, जॉर्जिया ४०० या महामार्गाच्या दोन्ही अंगांना कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या आसपास आमच्यासारख्यांची घरे, असे हे गाव आहे. पण गावाच्या मधोमध विल्स पार्कमध्ये अश्वारोहणाची मैदाने आहेत आणि शनिवार-रविवारी तिथे घोड्यांच्या गाड्यांची रांग लागते. पश्चिमेला मिल्टनकडे वळले की लाकडी कुंपणे आणि कुरणे सुरू होतात. मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा इथल्या इतर मुलींसारखा तिनेही घोड्यावर बसायचा हट्ट धरला. तोवर आमच्या घरात घोडा आला होता तो वरातीपुरता किंवा कोड्यापुरता: भाकरी का करपली, घोडा का अडला? फिरवला नाही म्हणून. मुलीला सोडायला जाऊन कुंपणाशी उभा राहू लागलो तेव्हा समजले की घोडा अडण्याला याखेरीज शंभर कारणे असतात, आणि त्यांतली बरीचशी गुडघ्याखाली दडलेली असतात.

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली जवळजवळ मांस नाही. हाड, त्यामागून उतरणाऱ्या कंडरा, अस्थिबंध, रक्तवाहिन्या आणि वर कातडी, एवढेच. ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरे तर मनगट आहे आणि खूर म्हणजे एका बोटाचे नख. पाचशे किलोचा प्राणी चार नखांवर उभा असतो आणि त्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर पडतो. पुढचा पाय लंगडला की दुखणे पुष्कळदा खुरात किंवा त्याच्या आसपास निघते, हा सगळीकडच्या वैद्यांचा अनुभव यातूनच आला आहे. ही रचना पळण्यासाठी नामी आणि मोडण्यासाठीही. पण उष्णता पाहणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यात एक सोय आहे. आतल्या घडामोडीवर मांसाची गादी नसल्यामुळे तिची ऊब थेट कातडीवर येते. मांडीच्या किंवा खुब्याच्या आत सांधा सुजला तर कॅमेऱ्याला त्याची दाद लागेलच असे नाही. नळीमागची कंडरा सुजली तर ती सहसा लपत नाही.

जुन्या माणसांना हे ठाऊक होते. मराठी सैन्यात स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, असा भेद होता. शिलेदाराचा घोडा लंगडला म्हणजे त्याची रोजीच लंगडली. शालिहोत्राच्या नावावरून घोड्याच्या वैद्याला सालोत्री हा शब्द आपल्याकडे रुळला. पागेतला सालोत्री असो, आजचा महालक्ष्मीचा साईस असो किंवा मिल्टनची पशुवैद्य बाई, सगळे सकाळी एकच गोष्ट करतात. वाकून हाताची मागची बाजू घोड्याच्या नळीवरून खाली नेतात, मग दुसऱ्या पायावरून, मग परत पहिल्यावरून. तापलेल्या मुलाच्या कपाळाला आई हात लावते तसे. हाताची अडचण एवढीच की साधारण दोन अंशांच्या आतला फरक त्याला नीट कळत नाही, आणि त्याने काल काय पाहिले ते आज पडताळता येत नाही. कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागाहून बारीक फरक दाखवतो, पण माझ्या मते त्याचा मोठा गुण दुसराच आहे. तो कालचे जपून ठेवतो.

हा कॅमेरा पाहतो ते डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांनी. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिला. युरेनस ग्रह शोधणारे हेच हर्शेल, आणि पेशाने मुळात संगीतकार. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढला. हे अवरक्त किरण सूर्यच नव्हे तर प्रत्येक ऊबदार वस्तू सोडत असते, घोड्याची कातडीसुद्धा. तांबड्या प्रकाशाची लहर सुमारे पाऊण मायक्रॉनची, तर कातडीतून सर्वाधिक निघणारी साडेनऊ मायक्रॉनच्या आसपासची. साध्या काचेतून ती पार होत नाही, म्हणून या कॅमेऱ्याचे भिंग जर्मेनियमचे असते आणि आपल्या डोळ्याला ते आरशासारखे अपारदर्शक दिसते. पूर्वी असे यंत्र द्रव नायट्रोजनने गार ठेवावे लागे आणि ते गाडीवर घालून न्यावे लागे. १९९० च्या दशकात न गारवता चालणारे संवेदक नागरी वापरात आले आणि यंत्र हातात मावू लागले. आता तर ते मोबाइलला खोचता येते. नाल सापडली म्हणून घोडा घेणारे लोक असतात तसे कॅमेरा स्वस्त मिळाला म्हणून निदान करणारे झाले आहेत. त्यांच्यात काही काळ मीही होतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पडद्यावरचे लाल, पिवळे, निळे रंग घोड्याचे नसतात. यंत्र मोजते फक्त तापमान. रंग संगणक भरतो, आणि कोणत्या अंशाला लाल म्हणायचे हे आपण ठरवतो. पट्टा २० ते ४० अंशांचा ठेवला तर निरोगी घोडा शांत दिसतो. तोच पट्टा २८ ते ३१ केला की तोच घोडा पेटलेला दिसतो. एका विक्रेत्याने मला अशीच एक जोडी 'उपचारापूर्वी' आणि 'उपचारानंतर' म्हणून दाखवली होती. शेजारची अंशांची पट्टी मात्र दोन्ही चित्रांतून कापलेली होती. या पुस्तकात पट्टीशिवाय एकही चित्र नाही.

घोड्यांसाठी ही विद्या वापरण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९६५ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या डेलाहंटी आणि जॉर्जी यांनी पशुवैद्यकात तिची ओळख करून देणारा लेख लिहिला. पुढे १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये स्ट्रोमबर्ग यांनी शर्यतीच्या घोड्यांच्या कंडरांवर काम केले. घोडा लंगडू लागण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी काही पायांत उष्णता दिसू लागते, असे त्यांना आढळले. या पुस्तकाच्या नावामागे तेच निरीक्षण आहे. पण मला सर्वांत जवळचे वाटते ते आमच्या शेजारच्या राज्यात, अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात झालेले काम. अल्फारेटाहून तीनेक तासांच्या आत तिथे गाडीने पोचता येते. ते काम करणाऱ्या प्राध्यापकांचे नाव राम पुरोहित.

ऑबर्नची ही गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे. टेनेसी वॉकिंग हॉर्स ही दक्षिणेतली जात तिच्या तरंगत्या चालीसाठी प्रसिद्ध आहे. स्पर्धेत पुढचे पाय जितके उंच उचलले जातील तितकी टाळी मोठी. मग काही लोकांनी सोपी वाट काढली. खुराच्या वरच्या कातडीवर मोहरीचे तेल, रॉकेल असले काहीतरी जळजळीत चोळायचे, त्यावर साखळी अडकवायची, आणि जमिनीला टेकताच आग होणारा पाय घोडा आपोआप झटकन वर उचलतो. प्रेक्षकांना तो डौल वाटतो. या क्रूरतेला आळा घालण्यासाठी १९७० साली अमेरिकी काँग्रेसने अश्वसंरक्षण कायदा केला. पण सिद्ध कसे करायचे? घोडा बोलत नाही, मालक कबूल करत नाही, आणि तपासनीसाच्या बोटांवर न्यायालयात वाद होतो. पुरोहित आणि मॅकॉय यांनी १९८० साली घोड्यातील दाह उष्णता-चित्रांनी कसा ओळखता येतो यावर निबंध प्रसिद्ध केला. सप्टेंबर १९७८ ते डिसेंबर १९८२ या काळात ऑबर्नमध्ये रसायने, साखळ्या आणि इतर भौतिक कारणे यांनी पायात काय घडते याचा पद्धतशीर अभ्यास झाला. साखळ्यांच्या वजनाचा प्रश्नही त्यात होता, आणि पुढे नियमात सहा औंसांची मर्यादा आली. उष्णता-चित्र तपासनीसांच्या हाती साधन म्हणून राहिले. एका मुक्या जनावराच्या बाजूने साक्ष उभी करण्यासाठी ही विद्या राबली, याचे मला फार अप्रूप वाटते. 

तोच धागा नंतर ऑलिंपिकपर्यंत गेला. २००८ च्या खेळांत अश्वारोहण हाँगकाँगला झाले आणि उड्यांच्या स्पर्धेतल्या चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन सापडले. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा. ते पायाला चोळले तर अडथळ्याचा स्पर्श झोंबतो आणि घोडा पाय वर ओढून उडी मारतो. दुखणे कमी करण्यासाठीही ते लावतात. नॉर्वेच्या संघाचे कांस्यपदक त्यातच गेले. आज आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या पायांच्या तपासणीत हाताच्या चाचपणीबरोबर उष्णता-कॅमेराही असतो.

आता लंगडण्याच्या कारणाकडे. घोडा दुडकीवर घेतला की लंगडणे उठून दिसते. दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर जाते, बरा पाय टेकताना खाली येते. कोणत्या पायाने लंगडतो हे असे कळते. त्या पायात कुठे हे कळायला मात्र सांधे वाकवून पाहणे, नसा बधिर करत खालून वर जाणे, क्ष-किरण, सोनोग्राफी, क्वचित एमआरआय, असा लांबचा रस्ता असतो. उष्णता-चित्र या रस्त्यावर दिशा दाखवते, म्हणजे सोनोग्राफीचा दांडा पायावर कुठे आधी ठेवायचा ते सांगते. एरवी ते कशाचीही जागा घेत नाही. कारण ते दाखवते रक्त, वेदना नव्हे. जिथे रक्त जास्त तिथे ऊब जास्त. दाह झाला की रक्त धावून येते हे खरे, पण रक्त व्यायामानेही येते, मलमानेही आणि उन्हानेही. नस बधिर करायला सुई टोचली तरी येते. म्हणून चित्र सुईच्या आधी.

त्याहून चकवणारी गोष्ट म्हणजे गारवा. नवख्याचा डोळा लालकडे धावतो. माझाही धावायचा. पण जुनी जखम भरून व्रण झाला, सुजेने रक्तवाहिन्या दबल्या किंवा एखाद्या भागाचा रक्तपुरवठाच उणा झाला, तर ती जागा गार दिसते. खुराच्या मागच्या भागातल्या नौकाकार हाडाचा आजार हा याचा धडा आहे. टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवले की निरोगी घोड्याला फिरवून आणले की टाचेचा भाग अर्ध्या अंशाने तरी तापतो, या आजारात तो तापत नाही. उभ्या घोड्याच्या चित्रात काहीच नसते. फिरवण्याआधीचे आणि नंतरचे शेजारी ठेवले की कळते. भाकरीचे कोडे मला तेव्हा पुन्हा आठवले.

निरोगी पायाचा नकाशा मनात बसायला मला दोन वर्षे लागली. खुराची वरची किनार ही खालच्या पायातली सर्वांत गरम जागा, कारण तिथे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे. खुराची भिंत तिच्याहून एक-दोन अंशांनी गार. लॅमिनायटिसमध्ये, म्हणजे खुराच्या आतल्या थरांच्या दाहात, हे अंतर मिटत जाते आणि अख्खा खूर किनारीसारखा होतो. नळीवर हाड आणि कंडरा यांच्यामधून एक उबदार रेघ उतरते, ती शिरेची. आतल्या बाजूने पाहिले तर ती आणखी ठळक. हे सारे समोरच्या जोडीदार पायाशी ताडायचे. एकाच जागेत दोन्ही पायांत एक अंशाचा फरक सापडला की थांबून पाहण्याजोगे काही आहे असे समजायचे. पण दोन्ही पाय सारखेच दुखावले असतील तर? दोन्ही सारखेच लाल, फरक शून्य, आणि चित्र म्हणणार की सगळे आलबेल.

चित्र घेण्याचे पथ्य पुढे एका प्रकरणात आहे, पण सार इतके की घोड्याला वीस मिनिटे कंटाळा येऊ द्यायचा. छपराखाली, वाऱ्याच्या झोताबाहेर, कोरडा, पट्ट्या सोडून बराच वेळ झालेला, खरारा आधीच केलेला. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात हेच जमत नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कॉनयर्सला अश्वारोहण झाले तेव्हा उकाडा आणि दमट हवेची एवढी धास्ती होती की मैदानावर पाण्याचे तुषार सोडणारे पंखे लावले होते. हवाच तिशीच्या वर गेली की कातडी आणि हवा यांतले अंतर मिटते, घोडा घामाने निथळतो आणि चित्र सगळीकडे सारखेच होते. जुलैमधली माझी चित्रे पहाटे साडेपाचची आहेत.

या कारणाने मला महाराष्ट्रातली एक जागा सतत डोळ्यांसमोर येते. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. मार्गशीर्षातली कोरडी, गार पहाट आणि सौदा होण्याआधी पाय पाहायची गरज, दोन्ही तिथे आहेत. चाल दाखवताना दुखणे दाबणारे औषध दिले आहे की नाही ते घेणाऱ्याला समजत नाही. औषध लंगडणे झाकते, पायाची ऊब पूर्णपणे झाकतेच असे नाही. महालक्ष्मीला १८८३ पासून शर्यती आहेत आणि परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे, तेव्हा मुंबईला मी काय सांगणार? माझ्या मनात आहेत ते माथेरानचे घोडे. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर ते वर्षानुवर्षे माणसे वाहत आले आहेत. त्या वाटाही इथल्यासारख्याच लाल मातीच्या. त्यांवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात ही अश्वपालांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मातीवर चालणाऱ्या घोड्याच्या आणि फरशीवर चालणाऱ्या घोड्याच्या पायात संध्याकाळी काय फरक असतो, हे नुसत्या वादाने ठरायचे नाही. महिन्यातून एकदा, ठरल्या वेळी, त्याच घोड्यांची चित्रे घेतली तर त्याबद्दल काही बोलता येईल. फुरसतीच्या घोडेस्वारीचे तंत्र म्हणून अल्फारेटात वाढलेली ही गोष्ट, पोट घोड्यावर असलेल्या माणसाच्या हातात जास्त शोभेल.

माझा आग्रह एकच आहे, आणि त्यापायी तबेल्यातली मंडळी मला हसतात. घोडा लंगडल्यावर बोलावलेत तर मी येईन, पण आधीचे चित्र नसेल तर माझ्या हाती अर्धेच पुस्तक असते. प्रत्येक घोड्याचा नकाशा वेगळा. एखाद्याची एक शीर जन्मतःच ठळक, एखाद्याच्या जुन्या व्रणाची गार टिकली आयुष्यभर तशीच. आज दिसलेला लाल ठिपका नवा की नेहमीचा, हे सांगायला तो निरोगी असतानाचे चित्र लागते, आणि घोडा धडधाकट असताना फोटो काढायला पैसे कोण देतो? ज्यांनी दिले नाहीत पण काढू दिले, त्या तबेलेवाल्यांचे, नालबंदांचे आणि त्या हसणाऱ्या पशुवैद्य बाईंचे ऋण या पुस्तकावर आहे. मराठी मजकूर वाचून 'कंडरा' या शब्दावर अडखळलेल्या माझ्या मुलीचेही.

पुस्तकाच्या शेवटी बारा चित्रे आहेत, दर महिन्याला एक, पहिल्या पानावरच्या त्याच घोडीची. खूर भरून आल्यानंतर, फेब्रुवारी सरल्यावर, मी ती घ्यायला लागलो. तिला त्या वर्षात काहीही झाले नाही.